बंद घड्याळातला सेल

लग्नात आहेर म्हणून आलेलं टायटन, वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळालेलं एचएमटी क्वार्ट्झ. अशी घड्याळं बंद पडली की 'लागेल तेव्हा सेल टाकू' म्हणत आपण ती लॉकरमध्ये ठेवून देतो. चालत्या घड्याळापेक्षा अशा बंद घड्याळाची जास्त काळजी घ्यायला हवी, कारण संपलेला सेल आतच राहिलेला असतो.

मनगटी घड्याळात बहुधा सिल्व्हर ऑक्साइडचा १.५५ व्होल्टचा बटन सेल असतो. सर्रास सापडणारा ६२६ नंबरचा सेल जेमतेम ६.८ मिलिमीटर रुंद आणि २.६ मिलिमीटर जाड. तेवढ्यात जस्ताची पूड, सिल्व्हर ऑक्साइड आणि सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं जहाल द्रावण भरलेलं असतं. ते आत कोंडून ठेवायला प्लास्टिकची एक बारीक कडी. हे द्रावण धातूच्या पृष्ठभागावरून सरपटत पुढे जातं, त्यामुळे कडी जराशी सैल पडली तरी त्याला वाट मिळते. त्यातच सेल संपल्यावरही सर्किट उरलीसुरली वीज ओढत राहतं. आत वायू साठतो आणि दाब वाढतो. स्वस्तातले अल्कलाइन सेल तर आणखी लवकर गळतात.

मागचं झाकण उघडल्यावर सेलच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर द्रावण बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा क्षार झाला आहे असं समजावं. त्यात हिरवट झाक असेल तर तांबं खाल्लं जाऊ लागलंय. सगळ्यात आधी जीव जातो कॉइलचा. केसाहून बारीक तांब्याची ती तार एका जागी तुटली तरी मोटर थांबते, आणि जुन्या मॉडेलची कॉइल शोधूनही मिळत नाही. मग घड्याळवाला अख्खं मशीनच बदलायला सांगतो.

चावी बाहेर ओढून ठेवली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. त्याने काटे थांबतात, बऱ्याच घड्याळांत विजेचा खपही कमी होतो. गळती मात्र थांबत नाही. उलट उघड्या चावीवाटे दमट हवा आत शिरते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते फार महागात पडतं. घड्याळ काही महिने वापरायचं नसेल तर सेल काढून घेणं हाच खरा उपाय. अनेक क्वार्ट्झ घड्याळं आधी इशाराही देतात: सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारू लागतो. तेव्हाच दुकान गाठावं.

सेल प्लास्टिकच्या चिमट्यानेच काढावा, धातूच्या चिमट्याने त्याची दोन्ही टोकं जोडली जातात. झाकणाची रबरी रिंग नीट बसली आहे ना, हेही बघून घ्यावं. सोलर घड्याळांचं तंत्र मात्र वेगळं. त्यांत पुन्हा चार्ज होणारा सेल असतो. तो काढू नये, घड्याळाला अधूनमधून उजेड दाखवावा. काढलेला सेल चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. गिळला गेल्यास अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तसा नुसता संशय आला तरी तडक हॉस्पिटल गाठावं.