शेवटी उरतो तो खांब

हौतात्म्य म्हणजे काय, हे नांदेडला बाहेरून येऊन कुणी समजावून सांगायची गरज नाही. गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी पोहोचले तेव्हा वडील आणि चारही मुलगे त्यांनी गमावलेले होते. गुरू तेगबहादूर यांचा १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात शिरच्छेद झाला होता. थोरले दोघे साहिबजादे चमकौरच्या लढाईत पडले, धाकट्या दोघांना सरहिंदला भिंतीत चिणले. नांदेडलाच माधोदास बैराग्याचा बंदा सिंग बहादूर झाला आणि १७१६ मध्ये त्यालाही दिल्लीत हालहाल करून मारले गेले. अशा गोष्टी ज्या गावाच्या रोजच्या अरदासीत आहेत, तिथल्या माणसाने युरोपातले ख्रिस्ती हुतात्म्यांचे चित्रपट बघावेत तरी कशाला?

बघावेत, कारण एका बाबतीत ते चित्रपट आणि नांदेडचा हजूर साहिब गुरुद्वारा एकमेकांच्या फार जवळ आहेत. शीख मर्यादेत गुरूंची भूमिका कोणत्याही नटाने करायची नाही. देहधारी गुरूंची परंपरा १७०८ मध्ये नांदेडलाच संपली आणि गादी ग्रंथसाहिबाकडे गेली. जिथे गुरूच ग्रंथरूप आहे तिथे दाढी चिकटवलेला नट कसा चालेल? म्हणून २०१४ च्या ‘चार साहिबजादे’ या ॲनिमेशनपटात मुलगे हलतात-बोलतात, गुरू मात्र स्थिर चित्रासारखे राहतात आणि कथा ओम पुरींच्या आवाजात पुढे सरकते. ‘नानक शाह फकीर’ने संगणकाची मदत घेतली, तरी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या बंदीबद्दल कुणाला काहीही वाटो, तिच्यामागचा प्रश्न खरा आहे. जे पवित्र आहे ते कॅमेऱ्यापुढे उभे केले की त्याचे काय होते?

ख्रिस्ती परंपरेत ही बंदी नाही. देवाने माणसाचा देह घेतला हाच तिचा पाया, त्यामुळे त्या देहाचे चित्र काढायला हरकत नव्हती आणि सिनेमा आल्याबरोबर क्रूस पडद्यावर आला. त्यातला एक पट आपल्याही इतिहासाचा भाग आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला आणि पडद्यावरच्या येशूच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. फाळक्यांनी तिथून चमत्काराचे तंत्र उचलले, आणि पुढे ती वाट आपल्या संतपटांनी सोडली नाही. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये शेवटी विमान येते, तुकोबा वैकुंठाला जातात. मला विचाराल तर त्या चित्रपटाचा जीव विमानात नाही. तो जिजाईच्या चुलीजवळ, तिच्या कावलेल्या बोलण्यात आणि त्यापुढे गप्प बसलेल्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यात आहे.

युरोपातल्या काही मोजक्या दिग्दर्शकांनी विमान काढून टाकले आणि चूल ठेवली. कार्ल ड्रायर हा डॅनिश दिग्दर्शक त्यातला पहिला मोठा. त्याचा १९२८ चा मूकपट ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ एकाच खटल्यावर आहे. जोन ही फ्रान्सची शेतकरी मुलगी. देवदूत आणि संत आपल्याशी बोलतात म्हणून ती सैन्याच्या पुढे उभी राहिली, पकडली गेली, आणि ३० मे १४३१ रोजी रुआँ शहरात पाखंडी ठरवून तिला जाळले. वय जेमतेम १९. ज्या चर्चच्या पंडितांनी तिला दोषी ठरवले त्याच चर्चने १९२० मध्ये तिला संत म्हणून जाहीर केले. ड्रायरने या खटल्यासाठी अवाढव्य नेपथ्य उभारले आणि ते जवळपास दाखवलेच नाही. सगळा चित्रपट चेहऱ्यांचा. रने फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्यावर रंगाचा थर नाही, कॅमेरा इतका जवळ की पापणीचा थेंब पडद्यावर ओघळतो. या चित्रपटाचीही एक अग्निपरीक्षा झाली. मूळ निगेटिव्ह आगीत जळाले आणि पहिल्या रूपातली प्रत थेट १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयाच्या अडगळीत सापडली.

फ्रान्सच्या रॉबेर ब्रेसाँला हेही जास्त वाटले. त्याला चेहऱ्यांचा हा आकांत नको होता. नट अभिनय करतो म्हणजे खोटे बोलतो, असे त्याचे मत. म्हणून तो कधीही अभिनय न केलेली माणसे घ्यायचा आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा, इतके की त्यातला भाव गळून पडावा. १९६२ मध्ये त्याने जोनचाच खटला घेतला. संवाद खटल्याच्या नोंदींतून घेतलेले. प्रश्न, उत्तर, दार उघडते, दार लागते, साखळ्यांचा आवाज, जिन्यावरची पावले. न्यायाधीश अडकवू बघतात, मुलगी सरळ उत्तर देते, आणि ती रडते आहे की नाही हेसुद्धा नीट कळत नाही. शेवटच्या दिवशी ती अनवाणी, लगबगीने चितेकडे जाते. कॅमेरा तिचे पाय बघतो. धूर येतो. धूर विरतो तेव्हा जोन नाही. जळालेला खांब आहे आणि त्याला लोंबणाऱ्या साखळ्या.

इथे बघणाऱ्याला काय करावे लागते ते लक्षात घ्या. स्वर्ग उघडलेला दाखवला असता तर आपण हात जोडून मोकळे झालो असतो. रक्त दाखवले असते तर हळहळून मोकळे झालो असतो. मेल गिब्सनच्या २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये फटक्यांमागून फटके आहेत, माणूस थिएटरमधून हादरून बाहेर पडतो, पण हा हादरा अंगाला बसलेला असतो. ब्रेसाँच्या खांबापुढे मात्र निवाडा आपल्यावर पडतो. ती मुलगी खरेच काही ऐकत होती की तो भ्रम होता, याचे उत्तर दिग्दर्शक देत नाही. श्रद्धा असेल तर ती प्रेक्षकाने स्वतःच्या घरून आणायची. हजूर साहिबच्या मर्यादेशी त्याचे नाते इथे जुळते. एकीकडे रूप झाकले आहे, दुसरीकडे रूप आहे पण त्यावरचा अर्थ झाकला आहे.

(ब्रेसाँ आपल्याला अगदीच परका नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले कुमार शहानी पॅरिसला गेले आणि १९६९ च्या एका चित्रपटासाठी त्याचे साहाय्यक होते. मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ त्याच शाळेतला. हे चित्रपट कंटाळवाणे आहेत असे म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. तो कंटाळा काही प्रमाणात मुद्दाम पेरलेला आहे.)

दुसरी गोष्ट आपल्या प्रेक्षकाला बोचणारी आहे. आपले हुतात्मे डगमगत नाहीत. सरहिंदचे साहिबजादे लहान वयातही ठाम आहेत, आणि कथा तशीच सांगितली जाते. ख्रिस्ती अध्यात्मात डगमगण्याला जागा आहे, तीही अगदी गाभ्यात. येशू पकडला जाण्याच्या रात्रीच गेथशेमाने बागेत हा प्याला टळू दे म्हणतो, क्रूसावर देवाने आपल्याला का सोडले असे विचारतो. पेत्र त्याला तीनदा नाकारतो आणि तरीही चर्चचा आधारस्तंभ होतो. जोननेही मरणाच्या आधी काही दिवस घाबरून माघारीच्या कागदावर खूण केली होती आणि मग ती माघार मागे घेतली. तिच्यावरचे हे दोन्ही चित्रपट त्या घसरणीला वळसा घालत नाहीत.

घसरणीचा सर्वांत मोठा चित्रपट म्हणजे मार्टिन स्कोर्सेसीचा २०१६ चा ‘सायलेन्स’. जपानी कादंबरीकार शुसाकु एन्दो यांच्या १९६६ च्या कादंबरीवर तो आहे. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, शेतकऱ्यांना समुद्रात खांबांना बांधून भरतीच्या लाटांनी मारले, धर्मगुरूंना खड्ड्यात उलटे टांगले. रॉड्रिग्ज हा तरुण पोर्तुगीज जेझुइट हे सगळे बघतो, प्रार्थना करतो, आणि वरून काहीही येत नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. किडे, वारा, पाणी, बस्स. शेवटी त्याच्यापुढे येशूची प्रतिमा कोरलेला पत्रा ठेवतात. तू यावर पाय ठेवलास तर टांगलेली माणसे सोडू. स्वतः मरायला तो तयार आहे. त्याच्या मरणाची मागणीच कुणी करत नाही. तो पाय ठेवतो. धर्मत्याग झाला की प्रेमापोटी शेवटची वस्तूही दिली गेली, यावर ख्रिस्ती मंडळींमध्येच आजही दोन मते आहेत. चित्रपटाच्या अखेरीस मेलेल्या रॉड्रिग्जच्या मुठीत छोटासा क्रूस दिसतो. तो दिसायला नको होता असे माझे मत. इतका वेळ गप्प राहिलेल्या दिग्दर्शकाने तिथे उत्तर देऊन टाकले.

देव गप्प का, हा प्रश्न लातूरला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने चार वाजायच्या आत दगडमातीखाली गेली. त्या माणसांना हुतात्मे म्हणता येणार नाही. त्यांनी काही निवडले नव्हते. पण उरलेल्यांनी आकाशाकडे बघून जे विचारले असेल, तेच रॉड्रिग्ज विचारतो.

‘सायलेन्स’चा एक धागा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येतो. जपानला जाणारे धर्मगुरू गोवा आणि मकावमार्गे जात, आणि त्या वाटेने वसईचा एक मुलगा गेला होता. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, पुढे मकावला व्यापारात पडला, आणि मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूचा दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला आला. तीन-साडेतीन वर्षांत तिथल्या सत्ताधाऱ्याचे, हिदेयोशीचे, मन फिरले. पकडलेल्यांचे कान कापून त्यांना ऐन हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना टेकडीवर क्रूसांना बांधून भाल्यांनी मारले. त्यांत बारा-तेरा वर्षांची पोरेही होती. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी सगळ्यांना संत जाहीर केले. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून वसईकर त्याचे नाव अभिमानाने घेतात. तिथले महाविद्यालय त्याच्या नावाचे आहे.

या माणसावर कुणी मराठीत चित्रपट करायचे मनात आणले, तर माझी एकच विनंती. टेकडीपासून सुरुवात करू नका. दुभाष्यापासून करा. दोन बाजू एकमेकींवर चिडलेल्या, आणि मध्ये उभा असलेला व्यापारी-बंधू दोघांचे शब्द इकडचे तिकडे नेतो आहे. एक शब्द चुकला तर माणसे मरतील. मग तो महिनाभराचा बर्फातला रस्ता. क्रूसाला दोन मिनिटे पुरेत.

झाव्हिए बोव्हा या फ्रेंच दिग्दर्शकाने २०१० मध्ये ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ असाच केला. अल्जीरियातल्या तिबिरिनच्या मठातून १९९६ मध्ये सात साधूंना पळवून नेऊन मारले, ती ही सत्यकथा. चित्रपटभर ते मध काढतात, गावच्या मुस्लिम आजाऱ्यांना तपासतात, आणि राहायचे की पळायचे यावर वाद घालतात. काहींना चक्क पळायचे असते. हत्या दाखवलेलीच नाही. ते बर्फात चालत जातात आणि दिसेनासे होतात.

आपल्याकडच्या विषयांपैकी सिस्टर राणी मारिया मराठवाड्याला सर्वांत लवकर कळाव्यात. इंदूरजवळच्या उदयनगर भागात त्यांनी आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायचे काम केले आणि १९९५ मध्ये बसमधून प्रवास करताना त्यांना भोसकून मारले. त्यांच्यावर २०२३ मध्ये ‘द फेस ऑफ द फेसलेस’ आला. पण खरा कठोर चित्रपट खुनानंतरच्या भागात आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. हे कसलेही पार्श्वसंगीत न लावता कुणी दाखवू शकेल का?

सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्यांसाठी: ‘सायलेन्स’ने करू नका, तो पावणेतीन तासांच्या आसपास आहे आणि अंगावर येतो. आधी ब्रेसाँचा ‘द ट्रायल ऑफ जोन ऑफ आर्क’ बघा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. तो अवघा ६५ मिनिटांचा आहे.