नवा फोन, घरचं वायफाय

वायफायचं कुलूप, म्हणजे सुरक्षा पद्धत, कोणती? वेप १९९७ची, कधीच मोडीत निघालेली. डब्ल्यूपीए २००३, डब्ल्यूपीए-२ २००४, डब्ल्यूपीए-३ २०१८. राउटर डब्ल्यूपीए-२ आणि ३ अशा मिश्र सेटिंगवर असेल, तर काही फोन अडखळतात. नुसत्या डब्ल्यूपीए-२ (एईएस) वर ठेवून पाहता येतं.

• पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही अक्षरच.

• २.४ गिगाहर्ट्झ: भिंतीपलीकडे पोचतं, वेग कमी. एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६, ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात. दूध गरम होईपर्यंत व्हिडिओ थबकू शकतो.

• ५ गिगाहर्ट्झ: वेगवान, पण काँक्रीटपुढे दमतं. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर फोन मधल्या खोलीत इकडून तिकडे उड्या मारू शकतो. राउटरमध्ये नावं वेगळी करता येतात.

• मॅक पत्ता, म्हणजे फोनची नेटवर्कवरची ओळख: अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन खऱ्याऐवजी स्वतःच बनवलेला पत्ता सांगतो. राउटरवर ठरावीक पत्त्यांनाच मुभा असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही नवा फोन दाराबाहेर.

• ‘फरगेट नेटवर्क’: फोनमधला जुना पासवर्ड पुसतो. राउटरला धक्का लागत नाही.