साच्याविना सायकल

ऑगस्ट 2023 मध्ये स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यमला डाउनहिल सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांमध्ये सुवर्णपदक चार्ली हॅटनला मिळालं, रौप्य आंद्रेआस कोल्बला. दोघांच्याही सायकली वेल्समधल्या माखन्थलेथ नावाच्या छोट्याशा गावातल्या एकाच कारखान्यातून आलेल्या. जगभर माल विकणाऱ्या बड्या कंपन्यांना त्या दिवशी मागे टाकलं ते ॲथर्टन बाइक्सने. डॅन, जी आणि रेचल ॲथर्टन या शर्यतपटू भावंडांची ही कंपनी. यातल्या रेचलने 2016 च्या मोसमात विश्वचषकाची एकूण एक शर्यत जिंकली होती.

एवढीशी कंपनी या बाजारात तगते कशी, हे पाहायला गेलं की गाडी साच्यावर येऊन थांबते. कार्बनची फ्रेम बनवताना राळ लावलेल्या कार्बन कापडाचे तुकडे हाताने थरावर थर साच्यात बसवतात आणि तापवून घट्ट करतात. साचा धातूचा, भलताच महाग, आणि प्रत्येक मापाला वेगळा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यासारखंच हे गणित: एका साच्यातून ढिगाने मूर्ती निघाल्या तरच तो परवडतो. म्हणून मोठ्या कंपन्या चार-पाच मापांवर भागवतात. त्यात माउंटन बाइकचं रूप सारखं बदलतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत चाकं 26 इंचांवरून 29 वर गेली, फ्रेम लांबल्या, पुढचा फोर्क जास्त कलला. दर बदलाला जुना साचा भंगारात. लहान कंपनीचं कंबरडं इथेच मोडतं.

अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या गुरिल्ला ग्रॅव्हिटीने 2019 मध्ये यावर सुरेख तोड काढली होती: फ्रेमचा पुढचा त्रिकोण चार मॉडेलांना एकच, बदलायचे ते मागचे भाग. कल्पना अस्सल होती, तरी कंपनी काही वर्षांत बंद पडली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

ॲथर्टननी साचाच काढून टाकला. मूळ तंत्र रोबॉट बाइक कंपनीचं. 2019 मध्ये भावंडांनी ते आपल्याकडे घेतलं. यंत्रात टायटॅनियमची पूड कागदाहूनही पातळ थरात पसरते. लेसर हवी तेवढीच जागा वितळवतो, वर पुढचा थर येतो. असे शेकडो थर चढले की पुडीतून नळ्या जोडणारा सांधा निघतो. त्याच्या तोंडाशी एकात एक अशा दोन भिंती असतात आणि मध्ये बारीक फट. कार्बनची नळी त्या फटीत जाते आणि आतून-बाहेरून, दोन्ही बाजूंनी गोंदाने धरली जाते. वेल्डिंग कुठेच नाही. उड्या मारत कडा उतरणारा स्वार अशा गोंदावर जीव सोपवतो, हे समजलं तेव्हा मी त्या सांध्याच्या आडव्या छेदाचं चित्र पुन्हा पुन्हा पाहत बसलो.

गंमत पुढेच आहे. लेसरला आकाराचं काही पडलेलं नसतं. हाच सांधा दोन अंशांनी कलता हवा तर संगणकातलं चित्र बदलायचं, नळी थोडी लांब कापायची, झालं. म्हणून या चिमुकल्या कंपनीकडे तयार मापंच 22, आणि तेही जमत नसेल तर ग्राहकाच्या हातापायांच्या मापाने फ्रेम. शर्यतपटूंना काही खटकलं तर नवा नमुना त्याच गावात बनतो आणि जवळच्याच डव्ही बाइक पार्कच्या उतारावर तपासला जातो.

मग बाजार फिरला. कोविडमध्ये सायकलींवर झुंबड उडाली, कंपन्यांनी भरमसाट माल मागवला. तो गोदामात पोचेपर्यंत मागणी ओसरली आणि सवलतींचा पूर आला. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सची जुनी, नावाजलेली सायकल कंपनी ऑरेंजसुद्धा जानेवारी 2024 मध्ये दिवाळखोरीच्या दारात पोचली. पुढे ती वाचली. अशा दिवसांत छापील टायटॅनियमची किंमत मोजणारी गिऱ्हाइकं किती असणार?

त्याच सुमारास, 2023 च्या अखेरीस, ॲथर्टननी एस.170 ही स्वस्तातली सायकल काढली. सांधे आता अखंड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेले, नळ्याही ॲल्युमिनियमच्या, जोडणी मात्र तीच दुहेरी भिंतीची. ॲल्युमिनियम 7075 जातीचं, विमानांत वापरतात ते. हा मिश्रधातू जबर मजबूत, पण वेल्डिंग केलं की तडकतो, म्हणून सायकलवाले त्याच्या फ्रेमच्या वाटेला सहसा जात नाहीत. गोंदाला त्याची अडचण नाही. महागड्या फ्रेमसाठी घडवलेल्या सांध्यामुळेच स्वस्त फ्रेमला हा धातू वापरता आला.