पवनचक्कीच्या पात्याची जाडी कशी मोजतात?

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिल्या असतील. त्यांची पाती लोखंडाची नसतात. काचेच्या तंतूंच्या कापडाचे थर एकावर एक ठेवून त्यांत रेझिन जिरवतात. पाते आतून पोकळ, बुंध्याशी जाड आणि टोकाकडे पातळ असते. एखादा थर कमी पडला किंवा मध्ये हवा राहिली, तर पाते वाऱ्यात तडकू शकते. म्हणून जाडी तपासायची. पण टोकाकडच्या पोकळीत हातही शिरत नाही. मग मोजायचे कसे?

इथे सोनोग्राफीचीच युक्ती कामी येते. पात्याला बाहेरून जेल लावून यंत्राचा प्रोब टेकवतात. जेल नसेल तर मधल्या हवेमुळे ध्वनी आत जातच नाही. कानाला न ऐकू येणारा हा ध्वनी आतल्या बाजूवर आपटून परत येतो. समजा, त्याचा वेग सेकंदाला ३,००० मीटर आहे आणि जाऊन येायला सेकंदाचा एक लाखावा भाग लागला. म्हणजे एकूण प्रवास ३० मिलिमीटर, आणि जाडी त्याच्या निम्मी, १५ मिलिमीटर.

प्रत्येक पदार्थात हा वेग वेगळा. म्हणून तशाच कापड-रेझिनच्या, जाडी ठाऊक असलेल्या तुकड्यावर यंत्र आधी जुळवून घेतात. आणि आकडा अचानक कमी आला, तर ‘इथे पाते पातळ आहे’ एवढ्यावर थांबायचे नाही. आतले थर सुटले असतील, तर ध्वनी तिथूनच मागे फिरतो. अशी जागा खूण करून पुन्हा तपासायची.