घर हेच कामाचे ठिकाण

घर विसाव्याचे आणि कार्यालय अथवा कारखाना कामाचा, ही विभागणी मुंबईच्या उपनगरांनी अनेक दशके गृहीत धरली होती. किंबहुना तिच्याच आधारावर ती वाढली. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी येथील लाखो कुटुंबांचा दिनक्रम लोकल गाडीच्या वेळापत्रकाने बांधलेला. मार्च २०२० मध्ये हे वेळापत्रकच थांबले. कोरोनाच्या साथीमुळे २३ मार्चपासून उपनगरी गाड्या बंद झाल्या व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी गाड्या १५ जून २०२० रोजी सुरू झाल्या. सर्वसामान्य प्रवाशांना ठराविक वेळांत प्रवेश मिळण्यास १ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला आणि एप्रिलमध्ये तो पुन्हा बंद झाला. लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून गाडी खुली झाली. मधल्या काळात बँका, विमा कंपन्या, संगणक कंपन्या आणि शाळा यांचे बरेचसे काम घराघरांतून चालले.

‘घरून काम’ ही अगदी नवी पद्धती असल्याचा बोलबाला त्या वेळी झाला. वास्तविक याच उपनगरांच्या चाळींतून व वस्त्यांतून हजारो स्त्रिया वर्षानुवर्षे घरी बसून मजुरीचे काम करीत आलेल्या आहेत. मालाडच्या नकली दागिन्यांच्या व्यवसायासाठी मणी ओवणे, तयार कपड्यांचे धागे कापणे, बटणे लावणे, पापड लाटणे ही कामे त्यांत मोडतात. घरून काम कशाने नीट चालते आणि कशाने बिघडते, याचे धडे त्यांच्याजवळ आधीपासून होते. ते विचारावयास कोणी गेले नाही, इतकेच.

सात स्त्रिया आणि ऐंशी रुपये

या संदर्भात ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल होते समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेण्यात आला. खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटविला, की पावसातही पापड वाळू लागले. एवढ्याशा सोयीने उद्योगाचा एक तृतीयांश हंगाम वाचला.

उपनगरात पाय रोवण्याचा पहिला प्रयत्न मात्र फसला. १९६१ मध्ये मालाड येथे शाखा काढण्याचा झालेला प्रयत्न यशस्वी झाला नाही. पुढे १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली व त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिच्या उद्योगास ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. आज सभासद भगिनींची संख्या ४५ हजारांच्या घरात आहे. मूळच्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या यशाचे श्रेय केवळ चिकाटीस देणे अपुरे ठरेल. खरे मर्म कामाच्या मांडणीत आहे. पीठ केंद्रावर मळले जाते, त्यामुळे घटकांचे प्रमाण सर्वत्र एकच राहते. भगिनी सकाळी आपल्या वाट्याचे पीठ वजन करून घरी नेते, लाटते, वाळविते व दुसऱ्या दिवशी तयार पापड परत आणते. तेथेच वजन व तपासणी होते आणि मजुरी हाती पडते. सभासदत्व देण्यापूर्वी तिच्या घरी लाटण्यास व वाळविण्यास पुरेशी, स्वच्छ जागा आहे किंवा नाही हे पाहिले जाते. लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते.

म्हणजे काम घरी होत असले तरी त्याचा आरंभ, माप आणि हिशेब ही तिन्ही घराबाहेर ठरलेली आहेत. उद्याचे पीठ आज मिळत नाही. त्यामुळे काम रात्रभर रेंगाळत नाही. केंद्रावरील रोजच्या भेटीत चार बायकांशी बोलणे होते, घरातल्या एकटेपणास आळा बसतो. आणि पैसे रोज मिळत असल्याने फसवणुकीस वाव उरत नाही.

धागे कापणाऱ्या किंवा मणी ओवणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास यातील फारच थोडे येते. माल केव्हा येईल हे मध्यस्थावर अवलंबून असते. तो उशिरा आला तरी परत देण्याची वेळ बदलत नाही. दर तोंडी ठरतो. नापसंत नगांचे पैसे कापले जातात. विजेचा, सुई-कात्रीचा खर्च तिचाच. घाई झाली की मुलेही हाताशी घेतली जातात आणि त्यांचा अभ्यास बुडतो. काम दोघींचेही घरीच. अंतर आहे ते व्यवस्थेचे.

कार्यालय घरी आले तेव्हा

२०२० साली नोकरदारांच्या घरात जे काम शिरले त्यास अशी कोणतीच चौकट नव्हती. अंधेरी पूर्वेतील सीप्झ या निर्यातक्षेत्रात हा फरक स्पष्ट दिसतो. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी स्थापन झालेल्या या क्षेत्रात पुढे जडजवाहीर आणि संगणक प्रणाली हे दोन व्यवसाय वाढले. हिरे-सोन्याचे काम यंत्रे व सुरक्षा यांमुळे आवारातच करणे भाग असते. संगणकाचे काम मात्र कर्मचाऱ्याबरोबर घरी जाऊ शकते. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत जुलै २०२२ मध्ये नवा नियम समाविष्ट करून निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना, कमाल एक वर्षासाठी, घरून काम करण्याची मुभा देण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही मर्यादा सैल करण्यात आली.

अनेकांचा अनुभव असा, की प्रवासाचे दोन-तीन तास वाचले, परंतु ते विश्रांतीस मिळाले नाहीत, कामानेच व्यापले. घर सोडणे व घरी परतणे या दोन क्रिया कंटाळवाण्या असल्या तरी त्या कामाला आरंभ व शेवट देत होत्या. त्या नाहीशा झाल्यावर रात्री दहाचा निरोपही कामाचाच ठरू लागला. यावर मनोनिग्रहाचे उपदेश पुष्कळ झाले. त्यांपेक्षा पापडाच्या केंद्राची रीत अधिक उपयोगी आहे. दिवसाचे काम सकाळीच मापून, लिहून घ्यावे. ते किती तास बसून केले यापेक्षा किती झाले याचा हिशेब वरिष्ठांनी मागावा. निरोपांची वेळ ठरवावी व ती उलटल्यावर संगणक मिटून जागेवरून दूर ठेवावा. आठवड्यातून एक-दोन दिवस कार्यालयात एकत्र येण्याने केंद्रावरील भेटीचे काम होते. आज बऱ्याच कंपन्यांनी हा मध्यममार्ग स्वीकारलेला आहे.

जागा आणि वेळ

पण संगणक ठेवावयाचा कोठे? झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका एके काळी २२५ चौरस फुटांची होती. विद्यमान नियमांनुसार ती ३०० चौरस फुटांची असते. तीत पाच माणसे, एक दूरदर्शन संच आणि एक पंखा. अशा घरात स्वतंत्र खोलीचा सल्ला निरर्थक होय. ठराविक कोपरा, ठराविक बैठक आणि त्या वेळेपुरती घरातील सर्वांनी पाळावयाची शांतता, एवढेच शक्य असते. येथे स्थानिक संस्थांना करण्याजोगे बरेच आहे. अभ्यासिका, समाजमंदिरे, ग्रामपंचायतींची सभागृहे दिवसाचा मोठा भाग कुलूपबंद असतात. वीज, मेज-खुर्ची आणि इंटरनेटची जोडणी दिल्यास तेथे विद्यार्थी सकाळी व घरून काम करणारे दुपारी बसू शकतील. टाळेबंदीत कोकणातील गावी परतलेल्या कित्येकांना दूरध्वनीच्या लहरींसाठी टेकडी चढावी लागली, हे ध्यानी घेता खेड्यांत ही गरज शहराहून कमी नाही.

वेळेचा प्रश्न जागेपेक्षाही अवघड आहे. केंद्र शासनाच्या २०२४ च्या कालवापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. बाहेर नोकरीस जाणाऱ्या स्त्रीला निदान काही तास घरकामातून सुटका असते. घरी बसून काम करणारीला तीही नसते. ती ‘घरीच आहे’ म्हणून पाणी भरणे, मुलांचा डबा, आल्यागेल्याचे पाहणे हे सारे तिच्याच माथी येते. तिचे काम मागे पडले तर दोष तिच्या आळसाचा मानणे हा उघड अन्याय होय.

कायद्याची दखल

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिलाभ कायद्यात, कामाचे स्वरूप तसे असल्यास, रजेनंतर उभयपक्षी संमतीने घरून काम करण्याची तरतूद झाली. गृहाधारित कामगाराची व्याख्या २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात होती व ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मालकाच्या जागेबाहेर, स्वतःच्या घरी मोबदल्यासाठी वस्तू अथवा सेवा निर्माण करणारी व्यक्ती तीत येते. साहित्य कोणी पुरविले हे गौण ठरते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयी स्वतंत्र करार, क्रमांक १७७, संमत केला. भारताने त्यास अद्याप अनुमोदन दिलेले नाही.

असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम हे संकेतस्थळ २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. वयाची सोळा ते एकोणसाठ वर्षे या दरम्यानच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या आणि भविष्यनिर्वाह निधी वा राज्य विमा योजनेचे सभासद नसलेल्या कामगारांना तेथे नोंद करता येते. आधार क्रमांक, त्यास जोडलेला मोबाइल व बँक खाते लागते. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी या कामी मदत करताना प्रश्न विचारण्याची रीत सांभाळावी. ‘काय करता?’ असे विचारल्यास मणी ओवणारी बाई ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर देण्याचा संभव अधिक. माल कोण आणून देतो, डझनामागे काय मिळते, असे विचारले म्हणजे तिचा व्यवसाय नोंदवहीत येतो.