लुळं पाऊल: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

डाव्या पायातली चप्पल घोट्याला सुतळीने बांधलेली होती. मावशी दारातून आत आल्या तेव्हा नुसत्या आवाजावरूनच मला निम्मं कळलं होतं. उजवं पाऊल नीट टेकायचं आणि डावं 'फट्ट' करून आपटायचं. चालताना डावा गुडघा वाजवीपेक्षा उंच उचलत होत्या, ओढ्याच्या पाण्यातून चालावं तसा. सुतळी सोडून चप्पल हातात घेतली, तर पुढचं टोक कागदासारखं झिजलेलं आणि टाच जवळपास नवी.

"शीर चढलीया, मॅडम. दीड महिना झाला रोज चोळतोय, पण उतरंना."

फिजिओथेरपीच्या धंद्यात 'शीर चढली' हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की आता ते कानावर पडले की माझीच शीर चढते. यापुढची गोष्टही ठरलेली असते. आधी घरचं तेल, मग गावातला चोळणारा, मग लांबच्या गावचा 'हमखास' चोळणारा, मग गुडघ्याखाली लेप लावून करकचून बांधलेला पट्टा. इतकं सगळं होऊनही पाऊल उचलत नाही, तेव्हा कुठे दवाखाना.

घोट्यातून पाऊल वर उचलता न येणं, म्हणजेच 'फूट ड्रॉप'. चालताना पुढचा पंजा खाली लोंबतो, जमिनीला घासतो, अडखळतो. चप्पल पायातून निसटते आणि पुष्कळदा निसटल्याचा पत्ताही लागत नाही, कारण पावलाच्या वरच्या भागाची संवेदनाही कमी झालेली असते. शंका असेल तर टाचांवर चार पावलं चालून पाहा. फूट ड्रॉप असलेल्याला त्या बाजूने ते जमत नाही.

आता त्या 'शिरे'कडे वळू. सगळा घोटाळा या शब्दातच आहे. आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही. 'हाताच्या शिरा फुगल्या' यातली शीर रक्ताची. 'मणक्यात शीर दबली' यातली शीर निरोपाची, विजेच्या तारेच्या जातीची. शब्द एक, म्हणून डोळ्यांसमोर चित्रही एकच उभं राहतं: नळी तुंबली आहे, रक्त पोचत नाही, चोळलं की वाहायला लागेल. पण तार तुटली म्हणून घरातला दिवा गेला, तर आपण दिव्याला तेल चोळत बसतो का?

पाऊल उचलण्याचा हुकूम मेंदूतून निघतो, पाठीच्या कण्यातून खाली येतो, कमरेतल्या मुख्यतः एल-फाइव्ह या मज्जामुळातून बाहेर पडतो आणि मांडीमागच्या जाड सायटिक मज्जातंतूतून गुडघ्यापर्यंत पोचतो. गुडघ्याच्या जरा वर या मज्जातंतूच्या दोन फांद्या होतात. त्यातली एक, पेरोनियल, बाहेरच्या अंगाने वळते. वाचता वाचताच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवा. जरा खाली हाडाचा टेंगूळ लागेल. त्याच्या लगेच खाली हा मज्जातंतू हाडाला वळसा घालून पुढे जातो. वरून संरक्षण कसलं, तर कातडीचं आणि थोड्या चरबीचं. पायातला सगळ्यात उघडा पडलेला मज्जातंतू म्हणाल तर हाच.

म्हणून तो सहज दबतो. मावशींनी उक्त्यावर कांदा लावायचं काम घेतलं होतं. सलग आठ दिवस वाफ्यात उकिडवं बसून, रोप हातात घेऊन सरकत राहायचं. खुरपणीच्या बायकांनाही हे होतं. पायावर पाय टाकून तासन् तास बसणाऱ्याला, घट्ट प्लास्टर घातलेल्याला, दारूच्या नशेत रात्रभर एकाच अंगावर पडून राहिलेल्याला होतं. डाएट करून किंवा आजारपणात झपाट्याने वजन उतरलेल्यालाही होतं, कारण हाडावरची चरबीची गादीच गेलेली असते.

याच हुकमाची वाट इतर ठिकाणी आणि इतर कारणांनीही अडू शकते: कमरेतली सरकलेली गादी, ढुंगणावर चुकीच्या जागी टोचलेलं इंजेक्शन, खुब्याची शस्त्रक्रिया, मधुमेह, कुष्ठरोग, पक्षाघात, क्वचित मज्जापेशी झिजवणारे आजार. लोंबणारं पाऊल सगळ्यांत सारखंच दिसतं, पण बिघाडाची जागा वेगळी आणि उपायही वेगळा. डॉक्टर घोटा आतल्या बाजूला वळवायला सांगतात ते उगाच नाही. बिघाड गुडघ्यापाशी असेल, तर ती हालचाल शाबूत असते. कमरेत असेल, तर बहुधा तीही कमजोर झालेली असते.

आणि आपण तेल कुठे चोळतो? पावलाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

'चोळल्याने फायदा नाही, पण तोटा तरी काय?' हा पुढचा प्रश्न. तोटा आहे. चोळणारा 'गाठ' शोधत नेमका त्या टेंगळाखाली अंगठा रोवतो. आधीच दबलेल्या मज्जातंतूला त्याने आणखी दाबायचं आणि वर करकचून पट्टा बांधायचा, याला उपचार कसं म्हणायचं? गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक तर त्याहून वाईट. बधिर कातडीला चटका कळत नाही. पाय भाजलाय हे फोड आल्यावर कळतं आणि मधुमेह असेल तर तो फोड महिनोन् महिने भरत नाही.

खरा तोटा मात्र वेळेचा. ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार मांडले; आजही डॉक्टर तेच वापरतात. पहिल्या प्रकारात तार शाबूत असते, फक्त वरचं आवरण दुखावलेलं असतं. दाब काढला की काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत पाऊल आपोआप उचलायला लागतं. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण बाहेरची नळी टिकते. त्या नळीतून नवे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच, या वेगाने वाढतात. तिसऱ्यात सगळंच तुटतं. तिथे शस्त्रक्रियेने जोडल्याशिवाय गत्यंतर नसतं.

आता हिशोब करा. इजा गुडघ्यापाशी असेल तर नडगीच्या स्नायूपर्यंतचं अंतर काही इंचांचं, म्हणजे काही महिन्यांचं काम. इजा ढुंगणात किंवा कमरेत असेल आणि तंतू पुरते तुटले असतील, तर दीड-दोन फुटांचा प्रवास. आणि निरोपाविना पडून राहिलेला स्नायू जन्मभर वाट पाहत नाही. साधारण वर्ष-दीड वर्षानंतर तार येऊन पोचली तरी तो पुरेसा जागा होत नाही. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे, त्यांचे चोळण्यात गेलेले महिने या खात्यातून वजा होतात.

मग चोळण्यावर लोकांचा इतका विश्वास का? त्याचं उत्तर पहिल्या प्रकारात आहे. साध्या दाबाने पडलेली पुष्कळ पावलं आपसूक उठतात. त्या काळात जो कोणी चोळत असेल, श्रेय त्याचं. ज्यांचं पाऊल उठत नाही, ते त्याच्याकडे जायचं बंद करतात. त्यामुळे त्याच्या अंगणात यशाच्याच गोष्टी साठतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'पाऊल पडलं म्हणजे लकवाच.' बहुतेकदा नाही. पण पाऊल अचानक पडलं आणि सोबत त्याच बाजूचा हात गळला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर तो पक्षाघातच समजा. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या वेळी तेलाची बाटली शोधू नका, गाडी शोधा.

'कमरेतून पायात जाणारी कळ थांबली, म्हणजे बरं होतंय.' कळ थांबली आणि पाऊल पडलं, तर मज्जामूळ निकामी होत चालल्याची ती खूण असू शकते. सोबत लघवी अडली, ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

'बी-ट्वेल्व्हची दहा इंजेक्शनं घेतली की शीर जागी होते.' बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर जरूर घ्या. शाकाहारी घरांत ते कमी असणं नवलाचं नाही. पण दाबलेल्या तारेवरचं वजन इंजेक्शनाने उचललं जात नाही.

'विजेच्या तपासणीने शीर आणखी बिघडते.' बिघडत नाही. सौम्य झटके बसतात, बारीक सुई टोचते, इतकंच. इजा कुठे आणि किती, हे त्यातून कळतं. इजेनंतर दोन-तीन आठवड्यांनी केली तर चित्र स्पष्ट दिसतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी हट्ट धरू नका.

'करंटचं मशीन लावलं की पाऊल उठेल.' पाऊल टाकताना पेरोनियल मज्जातंतूला झटका देऊन पंजा उचलायचं यंत्र अमेरिकेत लिबरसन यांनी १९६१ मध्ये दाखवलं. पक्षाघातानंतर ते उपयोगी पडतं, कारण तिथे बिघाड वर मेंदूत असतो आणि खालची तार धड असते. तारच तुटली असेल, तर झटका पोचणार कुठून?

'कुष्ठरोग आता राहिला कुठे?' दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर गाठलं. म्हणजे रोग संपला असं नव्हे. नवे रुग्ण आजही सापडतात. गुडघ्याबाहेरचा हा मज्जातंतू कुष्ठरोगाच्या आवडत्या जागांपैकी एक. तिथे तो दोरीसारखा जाड लागला, अंगावर बधिर चट्टा असला, तर तपासून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. मज्जातंतूची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल, तर स्टेरॉइडने पाऊल परत मिळण्याची चांगली आशा असते.

'आता जन्मभर असंच.' नाही. तंतू परत येणार नाहीत हे ठरल्यावरही एक वाट उरते. घोटा आत वळवणाऱ्या स्नायूचा कंडरा पावलाच्या वरच्या बाजूला वळवून बसवतात आणि मग त्याला नवं काम शिकवतात. अशा कंडराबदलाच्या शस्त्रक्रियांचं मोठं काम आपल्याच देशात, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांसाठी केलं.

आणि माझ्या रागाचा दुसरा मानकरी: 'स्प्लिंट लावला की पाय आळशी होतो.' म्हणून तो कपाटात जातो आणि माणूस उंबऱ्याला अडखळून खुबा मोडून घेतो. पोटरीमागून तळव्याखाली येणारा हा प्लास्टिकचा पातळ आधार पंजा लोंबू देत नाही आणि पोटरीचा कंडरा आखडू देत नाही. कंडरा एकदा आखडला, की मज्जातंतू बरा होऊनही पाऊल वर येत नाही. स्नायूला काम हवंच, ते व्यायामाच्या वेळी द्या. रोज दोन-तीनदा टॉवेल पंजाखाली घालून तो आपल्याकडे ओढा. उचलता येत नसलं तरी उचलायचा प्रयत्न करा. घरातली पायपुसणी आणि सुट्या सतरंज्या गुंडाळा. अंगठ्याची चप्पल सोडून मागे पट्टा असलेली सँडल घ्या. रात्री पाऊल उजेडात धरून कुठे खरचटलंय का ते पाहा, आणि उकिडवं बसणं बंद.

मावशींना हेच सगळं सांगितलं. पाट घेऊन बसायचं कबूल केलं, स्प्लिंट घेतला. तिसऱ्या महिन्यात अंगठा हलला. आषाढात आल्या तेव्हा सुतळी नव्हती आणि दोन्ही पावलांचा आवाज सारखा होता. टाचांवर खोलीभर चालून दाखवलं. मी खूश. सोबत आलेली जाऊ त्याहून खूश.

"बघा मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणला होता, तरी मी रोज राती मोहरीच्या तेलानं चोळत होते. तवा कुठं उतरली शीर."