मधोमध डोंगर हवाच कशाला?

भर उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळपट वाटलेला फोटो रात्री अंधाऱ्या खोलीत उजळ दिसतो. फोटो तोच असतो, बदलतो तो भोवतालचा उजेड आणि त्याला सरावलेला डोळा. फोटोतल्या उजेडाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, असा फसत नाही, कारण ती पिक्सेलची निव्वळ मोजदाद आहे. जेपेग फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, 0 ते 255, अशा 256 पायऱ्या असतात. ज्या पायरीवर जितके जास्त पिक्सेल, तितका तिथला उंचवटा मोठा. घोटाळा होतो तो पुढे. आलेखात मधोमध डोंगर दिसला की फोटो चांगला, असा समज अनेकांनी करून घेतलेला असतो. पण समोर काय आहे हे आलेखाला ठाऊकच नसतं. वेरूळच्या कैलास लेण्याच्या काळसर बेसॉल्टने चौकट भरली, तर आलेख डावीकडे झुकणारच. ओढूनताणून मध्ये आणला तर कातळ राखाडी होईल. वारीतल्या पांढऱ्या सदऱ्या-धोतरांचं उलट. कॅमेऱ्याचं मीटर सगळं जग मध्यम करडं धरून चालतं, त्यामुळे तिथे एक्स्पोजर मुद्दाम वाढवून आलेख उजवीकडे सरकवावा लागतो.

म्हणजे आकारावरून फोटोची प्रत ठरत नाही. बघायची ती टोकं. उजव्या कडेला आलेख सुळक्यासारखा चिकटला, तर तितके पिक्सेल 255 वर जाऊन थांबले आहेत आणि धोतराच्या चुण्या पांढऱ्याफटक झाल्या आहेत. सावलीतून निदान दाणेदार का होईना, काही वर काढता येतं. पुरता भरलेला पिक्सेल काहीच परत देत नाही. त्यातही एकच एकत्रित आलेख बघणं धोक्याचं. जेजुरीत उधळलेल्या भंडाऱ्याचा गडद पिवळा घ्या: लाल 255, हिरवा 190, निळा 30. एकत्रित तेज काढताना हिरव्याला वजन जास्त असल्याने उत्तर 191 च्या आसपास येतं. आलेख निर्धास्त दिसतो आणि लाल मात्र केव्हाच काठावर जाऊन बसलेला असतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दाखवण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. ती न वापरणं हा निव्वळ आळस.

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, हाताशी असताना ही चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. 14 बिटच्या रॉमध्ये 16,384 पायऱ्या असतात हे खरं, आणि कॅमेऱ्यावरचा आलेख सहसा जेपेगवरून काढलेला असल्याने तो जरा लवकरच घाबरतो, हेही खरं. पण सेन्सरच काठोकाठ भरला असेल, तर पायऱ्या कितीही असोत, नोंदवायला काही उरत नाही. मोबाइल अनेक फ्रेम एकत्र करून दोन्ही टोकं सांभाळतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तो सावल्याही परस्पर उजळतो, आणि कैलासच्या खोल कोनाड्यातला अंधार हवा होता की नको, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. सर्वांत खरा आक्षेप वेगळाच आहे: कोणता पिक्सेल कुठे आहे, हे हिस्टोग्राम सांगत नाही. फोटोतले सगळे पिक्सेल विस्कटून टाकले तरी आलेख जसाच्या तसा राहील. म्हणून सुळका दिसला की आधी फोटोत जागा शोधायची. दीपमाळेवरच्या ज्योती 255 ला पोचल्या असतील तर पोचू द्याव्यात. शेजारी उभ्या माणसाचं कपाळ पोचलं असेल, तर एक्स्पोजर कमी करून फोटो पुन्हा घ्यावा.